एमपीथ्री मेलं, ‘पेटंटेड’ फॉरमॅट आला: मंडळाच्या कॅसेटचं काय करायचं?

प्रश्न: गिरगावातल्या एका संगीत मंडळाचे कार्यवाह विचारतात: “आमच्याकडे मैफली, कीर्तनं, व्याख्यानं मिळून साधारण ३०० कॅसेट आहेत. त्या डिजिटल करायचं ठरल्यापासून कमिटीत वाद पेटला आहे. एका सभासदाने एमपीथ्री बंद झाल्याची बातमी काढून दाखवली. दुसऱ्याचं म्हणणं, पेटंट असलं की दर्जा आलाच. ज्याचं कोटेशन आलंय तो विक्रेता ‘आमचा स्वतःचा पेटंटेड एचडी फॉरमॅट’ देणार आहे, तो फक्त त्याच्याच ॲपमध्ये वाजतो. तिसरा गट म्हणतो, असलं काही नको, जे फुकट मिळतं ते घ्या. कुणाचं ऐकावं?”

उत्तर:

कोटेशनवर इतक्यात सही करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल.

कॅसेट आणि स्पूलवरचा आवाज उतरवून घेणं हेच माझं काम. हा वाद दादर-पार्ल्यापासून ठाण्यापर्यंत बऱ्याच मंडळांत ऐकला आहे. दरवेळी तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. फाइल कशी बनते याची माहिती सगळ्यांना उघड आहे का? त्या पद्धतीवर कुणाचा हक्क आहे, आणि किती वर्षं? आणि ऐकायला ती कशी आहे? तुमचे दुसरे सभासद दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला लावताहेत, आणि फुकटवाले पहिल्याचं. म्हणून कमिटीची सभा संपत नाही.

आधी ती बातमी. ती एप्रिल-मे २०१७ ची असणार, कारण ‘एमपीथ्री मेलं’ अशा मथळ्यांची लाट तेव्हाच आली होती आणि अजूनही ती बातमी तारीख कापून फिरवली जाते. झालं होतं इतकंच: जर्मनीतली फ्राउनहोफर ही संशोधन संस्था एमपीथ्रीची जनक मानली जाते. तिने २३ एप्रिल २०१७ रोजी एमपीथ्रीचे परवाने देणं थांबवलं. का थांबवलं? तर त्याच महिन्यात अमेरिकेतली शेवटची महत्त्वाची पेटंटं मुदत संपून बाद झाली होती, आणि ज्यावर हक्कच उरला नाही त्याचा परवाना विकणार काय! त्याच निवेदनात, एएसीसारखे नवे फॉरमॅट जास्त कार्यक्षम आहेत, असंही एक वाक्य होतं. ते खरंही आहे. पण एएसीच्या पेटंटांमध्ये फ्राउनहोफरचा वाटा होता, हे मथळा लिहिणाऱ्यांनी सांगितलं नाही. थोडक्यात, ज्या सुमारास एमपीथ्री सगळ्यांसाठी मोकळं झालं त्याच सुमारास त्याचं मयत जाहीर झालं. फेडोरा ही लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीची आवृत्ती पेटंटच्या भीतीने एमपीथ्रीपासून वर्षानुवर्षं लांब राहिली होती. तिने काही आठवड्यांतच एमपीथ्री बनवण्याची सोय आत घेतली. मेलेल्या फॉरमॅटसाठी कुणी असं करत नाही.

तेव्हा तंत्रज्ञानाची कुठलीही बातमी कमिटीत आली की तारीख विचारा, मूळ निवेदन कुणाचं ते विचारा, आणि निवेदन देणाऱ्याचा पुढचा माल कोणता ते विचारा. माझ्या अनुभवात निम्मे वाद एवढ्यावरच मिटतात.

आता पेटंट. त्याचा दर्जाशी संबंध आहे, हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे, आणि विक्रेते त्याला खतपाणी घालतात. पेटंट देताना तीन गोष्टी बघतात: कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना, आणि उद्योगात तिचा वापर होऊ शकतो का. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. तिथले परीक्षक कागद तपासतात, दावे तपासतात, आधी कुणी हे केलं होतं का ते शोधतात. हेडफोन लावून कुणी तुमची मैफल ऐकत नाही. अत्यंत टुकार आवाज देणाऱ्या नव्या युक्तीलाही पेटंट मिळू शकतं, आणि उत्तम आवाज देणाऱ्या जुन्या युक्तीला मिळू शकत नाही.

त्यातही ‘पेटंटेड’ म्हणजे नक्की काय, हे विक्रेत्याला विचाराच. नंबर मागा. अर्ज केला की नंबर मिळतो. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. मग तपासणीची मागणी, आक्षेप, उत्तरं, आणि हे सगळं पार पडलं तर पेटंट. मिळाल्यावरही दरवर्षीचं नूतनीकरण शुल्क भरलं नाही तर ते बाद होतं. म्हणजे माहितीपत्रकावर ज्याला पेटंट म्हटलंय तो नुसता अर्ज असू शकतो किंवा मागेच विझलेलं पेटंट असू शकतं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही स्थिती कुणालाही फुकट बघता येते, नंबर टाकला की पाच मिनिटांचं काम. पेटंट नसताना आहे म्हणून सांगणं पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंडाला पात्र आहे, हे विक्रेत्याच्या कानावर सहज घातलं तर कधीकधी माहितीपत्रक आपोआप दुरुस्त होतं.

कमिटीत एखादे वकील असतील तर ते लगेच म्हणतील की भारतात सॉफ्टवेअरला पेटंटच नाही. हे अर्धं खरं. कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम पेटंटयोग्य नाहीत. पण त्याचा काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर वाट निघते, आणि आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतींवर इथेही पेटंटं मिळालेली आहेत. एरिक्सनने लावा या भारतीय फोन कंपनीविरुद्ध चालवलेल्या खटल्यातली काही पेटंटं फोनवरच्या बोलण्याच्या कोडिंगचीच होती. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यात २४४ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पण हे ओझं यंत्र आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर येतं. तुमचं मंडळ एमपीथ्री फाइल वाजवतं म्हणून दारात कुणी येणार नाही, ही काळजी सोडा.

पेटंट असणं आणि फॉरमॅट बंदिस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा उत्तम दाखला तुमच्या कपाटातच आहे. कॅसेट ही फिलिप्स कंपनीची, १९६३ ची. हक्क फिलिप्सचे होते. पण साठच्या दशकाच्या मध्यात कंपनीने ठरवलं की माप आणि वेग तंतोतंत पाळणाऱ्या कुणालाही परवाना विनामूल्य द्यायचा. म्हणून जपानी रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट लॅमिंग्टन रोडवर जोडलेल्या डेकवरही त्याच वेगाने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, चालते. एमपीथ्रीचं वेगळं: त्यावर पैसे द्यावे लागत, पण १९९३ पासून ते छापील आंतरराष्ट्रीय मानक होतं, त्यामुळे कागद हातात घेऊन कुणीही प्लेअर लिहू शकत होता. आणि तिसरं टोक मिनीडिस्कचं. सोनीची मिनीडिस्क १९९२ ची. आकाराने देखणी, आणि तिचं एट्रॅक कोडिंग नंतरनंतर आवाजातही फार चांगलं झालं, हे मी मनापासून म्हणतो. पण आपणच माइक लावून भरलेली मैफल यूएसबीने संगणकावर घेण्याची मुभा नव्हती! जुन्या डिस्कवरून तसं करू देणारं यंत्र सोनीने २००६ मध्ये आणलं, आणि २०१३ मध्ये मिनीडिस्कची यंत्रं बनवणंच बंद केलं. आज ते २००६ चं यंत्र चालू स्थितीत असणाऱ्याकडे लोक मिन्नतवाऱ्या करतात. दर्जा होता, आणि दाराला कुलूपही होतं. तुमचा विक्रेता नेमकं हेच कुलूप देतो आहे, आणि तो सोनीएवढा मोठाही नाही.

तरीही, बंदिस्त तेवढं वाईट असं म्हणणाऱ्या तिसऱ्या गटालाही मी पूर्ण गुण देणार नाही. डॉल्बी घ्या. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर लगेच, १९६५ मध्ये, त्यांनी लंडनला आपली कंपनी काढली. टेपची सूं सूं कमी करणारी घरगुती वापराची डॉल्बी बी पद्धत १९६८ ची. पेटंटं होती, परवाना होता, चिन्ह वापरायचं तर डॉल्बीच्या मापात बसावं लागे. त्या शिस्तीमुळेच एका डेकवर भरलेली टेप दुसऱ्यावर नीट उलगडते. इथे मालकी हक्काने दर्जा खरोखर सांभाळला. पण पुढचंही बघा: पेटंट कधीच संपलं, तरी त्या चिपा आता बनत नाहीत, आणि नव्या डेकवर ते दोन डींचं चिन्ह सापडत नाही. हक्क संपला म्हणून यंत्र परत येत नाही. तुमच्या ज्या कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल त्या उतरवायला जुना, चांगल्या अवस्थेतला डेकच लागणार. विक्रेत्याला हा प्रश्न विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

आवाजाच्या दर्जावर वाद घालायचा असेल तर एकच रीत मला मान्य आहे: डोळे झाकून ऐका. एकाच मूळ फाइलच्या दोन प्रती, दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केलेला (किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, दुकानदार हे जाणतात), आणि आत्ता कोणती वाजते आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. सोळा वेळा ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार. त्यासाठी संगणकावर फुकट सॉफ्टवेअरं आहेत. माझ्याकडे कान तयार असलेले गायक येतात. सेकंदाला १९२ किलोबिट किंवा त्यावरच्या एमपीथ्रीपुढे त्यांच्यातलेही बरेच जण गडबडतात. पण ६४ वर तानपुरा ऐका. जवारीची ती फिरत पाण्याखालून आल्यासारखी वाटते, आणि कीर्तनातल्या टाळांच्या ठोक्याआधीच एक धुरकट सावली येते. तुमच्या संग्रहात नेमके तानपुरे, टाळ आणि टाळ्या भरलेल्या आहेत, म्हणून हे सांगतो. चाचणीसाठी विक्रेत्याचा नमुना न घेता आपलीच एखादी कॅसेट द्या.

‘खास फॉरमॅट म्हणजे स्टुडिओचा आवाज’ हा दावा जगात मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. एमक्यूए नावाचा ब्रिटिश फॉरमॅट २०१४ मध्ये आला. पूर्ण लाभ घ्यायचा तर परवानाधारक डिकोडर हवा, आणि आत काय चाललंय हे बाहेरच्यांना तपासू देण्याबाबत कंपनी हात आखडता घेई. त्यावर वर्षानुवर्षं घनघोर वाद झाले. एप्रिल २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, नंतर दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, आणि टायडल या संगीतसेवेने २०२४ मध्ये एमक्यूए सोडून फ्लॅक घेतलं. फ्लॅक २००१ पासून खुलं आहे, मूळ आवाजातला एक बिटही गाळत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं रीतसर इंटरनेट मानकही प्रसिद्ध झालं. या घटनेवरून एमक्यूएचा आवाज वाईट होता असं मी म्हणणार नाही. तुमचं मंडळ कुठल्या कंपनीच्या तब्येतीवर विसंबून राहणार आहे, एवढंच पाहायचं.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामात फॉरमॅटचा वाटा शेवटचा, लहानसा आहे. साध्या फेरिक कॅसेटवर डॉल्बीशिवाय आवाज आणि सूं सूं यांतलं अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या आसपास असतं. डिजिटल फाइलच्या सोळा बिटांत ९६ डेसिबल मावतात. चोवीस बिट घ्यायचे ते पातळी लावताना मोकळीक मिळावी म्हणून. ‘एचडी’ लिहिल्याने १९८४ सालच्या टेपमध्ये नसलेलं काही उगवत नाही.

सगळा खेळ हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा. हेडची फट टेपच्या प्रवासाशी काटकोनात हवी. याला आम्ही अझिमथ म्हणतो. ज्या रेकॉर्डरवर मैफल भरली त्याचं हेड थोडं तिरकं असलं, आणि घरगुती रेकॉर्डरचं ते असतंच, तर वाजवणाऱ्या डेकचं हेड त्या टेपपुरतं तेवढंच तिरकं करावं लागतं. नाही केलं तर वरचे स्वर पुसले जातात: तानपुरा बोथट, तबल्याची चाट गायब, शब्दातला ‘स’ मेलेला. पद्धत सोपी आहे. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं आणि अझिमथचा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत जायचं. एका क्षणी आवाजावरचा पडदा सरकतो, तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला, बऱ्याचदा प्रत्येक बाजूला करावं लागतं. डॉल्बीची टेप असेल तर आधी अझिमथ, मगच डॉल्बी चालू, कारण आधीच कमी झालेली चकाकी डॉल्बी आणखी दाबतो. मधूनमधून हेड आणि टेप पुढे ओढणारा पिंच रोलर साफ करायचे. बेल्ट सैल झाला तर सूरच उतरतो, आणि मंडळात काळी चार की पाच यावर नवा वाद सुरू होतो. एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच, शिवाय ही जुळणी. ‘दिवसाला शंभर कॅसेट’ असं जो म्हणतो तो यातलं काही करत नाही, मग फाइल सोन्याच्या फॉरमॅटमध्ये का देईना.

कॅसेटच्या आतली कार्डं, हाताने लिहिलेली रागांची नावं, तारखा, यांचे फोटोही काढा. मात्र आयफोनवर काढणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन साधा जेपेग निवडा. नाहीतर फाइल एचईआयसी येते, आणि मंडळाच्या जुन्या विंडोज संगणकावर ती उघडत नाही. त्यामागेही पेटंटच आहे: आतल्या एचईव्हीसी कोडिंगचे हक्क इतक्या गटांत वाटलेले आहेत की विंडोजवर त्याचा जोड अनेकदा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. गूगल, ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन एव्ही१ हे खुलं व्हिडिओ कोडिंग बनवायला घेतलं, त्यामागे या परवान्यांचा वैतागही होताच.

आता काय मागायचं ते. मूळ प्रत आवाज न दाबलेली वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; आवाजाचे संग्रह सांभाळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसए, हेच किमान मानते. तासाला साधारण एक जीबी, म्हणजे एकेक तासाच्या ३०० कॅसेट धरल्या तर सव्वातीनशे जीबीच्या आत. नव्वद मिनिटांच्या जास्त असतील तर दीडपट. आजच्या एक टीबीच्या डिस्कमध्ये सगळं बसतं. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक करा, काही गमावत नाही. सभासदांना ऐकायला १९२ चं एमपीथ्री द्या. सगळा संग्रह २६-२७ जीबीत येतो आणि कुणाच्याही फोनवर वाजतो. मेलेला फॉरमॅट इतका उपयोगी पडतो, हे त्या बातमीवाल्या सभासदांना जरूर ऐकवा.

करारात लिहून घ्या की मूळ प्रतीवर खरखर काढण्याची कोणतीही प्रक्रिया करायची नाही. सफाई हवी तर ऐकण्याच्या प्रतीवर, वेगळी. ते सॉफ्टवेअर अधाशी असतं, खरखरीबरोबर तानपुऱ्याचं शेपूटही खातं, आणि ते परत आणता येत नाही. सगळ्या फाइल मंडळाच्या डिस्कवर मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. तीन प्रती करा, एक गिरगावाबाहेर कुणाकडे तरी ठेवा. विक्रेत्याला आपलं ॲप द्यायचंच असेल तर देऊ दे. त्याचे पैसे मात्र वेगळे दाखवायला सांगा, म्हणजे कशाचे किती हे खजिनदारांना कळेल.

क्रम लावताना दुकानात विकत मिळणाऱ्या कॅसेट मागे ठेवा, त्यांची दुसरी प्रत कुठेतरी असते. घरगुती आणि सभागृहातली रेकॉर्डिंगं आधी घ्या. ज्या कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी आहे, मुंबईच्या पावसाळ्याची देणगी. ती कॅसेट एकदा सहज वाजवून बघू असं कुणालाही करू देऊ नका. हेडवर बसलेली बुरशी पुढच्या टेपवर जाते. अशा कॅसेट वेगळ्या डब्यात काढा, डब्यावर तसं लिहा, आणि त्यांचा दर वेगळा मागवा, कारण त्यांना सफाईचा वेळ जास्त लागतो.